पानाबाहेरची नावं

"दाजी, उठा बरं तिथून. ते मशीन तुमचं ऐकत नाही," प्रल्हाद म्हणाला.

मी उठलो नाही. कुंदाच्या खुर्चीवर मी त्या दिवशी पहिल्यांदाच बसलो होतो. समोर तिचा कम्प्युटर चालू होता आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट आली होती. इंग्रजीत लिहिलं होतं, व्हर्च्युअल मेमरी टू लो. चौकट बंद केली की फाईल उघडायला लागायची, अर्ध्यात यायची, की पुन्हा चौकट. सकाळपासून चार वेळा हेच झालं होतं.

प्रल्हाद माझा मेहुणा, कुंदाचा धाकटा भाऊ. कुंदाला जाऊन पाच दिवस झाले होते. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळ खाली बसली, ती गेलीच. मूलबाळ आम्हाला नाही. त्यामुळे लाकडांपासून भटजीपर्यंत सगळं प्रल्हादनेच पाहिलं. आता पत्रिका तेवढी राहिली होती. आमच्या खान्देशात दिवसांचा शेवटचा विधी असतो, त्याला गंधमुक्ती म्हणतात. त्याची पत्रिका छापून गावोगावच्या नातेवाइकांना पोचवावी लागते. बाराव्याला गंधमुक्ती, म्हणजे पत्रिका त्याच दिवशी प्रेसमध्ये जायला हवी होती.

"अकरा वाजले," प्रल्हाद म्हणाला. "दोनला लाईट जाईल ती सहाला येईल, इन्व्हर्टरवर प्रिंटर चालत नाही. सहाला प्रेसवाला कुलूप लावतो. बाजारात दहा डीटीपीवाले बसलेत. मी जातो, तासाभरात करून आणतो."

"तिची पत्रिका बाजारातले लोक करणार?"

"मग कोण करणार? ती स्वतः येऊन करणार का?"

बोलून गेला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याचं चूक नव्हतं. पण भुसावळात आणि आजूबाजूच्या खेड्यांत अकरा वर्षं लोक गंधमुक्तीची पत्रिका करायला कुंदाकडे यायचे. लग्नपत्रिका दुसरीकडे रंगीत करून आणतील, पण ही पत्रिका तिच्याकडेच. ती माणसाला आधी बसवायची, पाणी द्यायची. मग गेलेल्याचं नाव दोनदा विचारायची, काना-मात्रा तपासायची. एकच फाईल होती तिची, 'गंधमुक्ती' नावाची. सगळ्या पत्रिका त्याच पानावर व्हायच्या. कडेची साधी काळी चौकट, वर दिवा, मधे फोटो, खाली नाव. मला तिची पत्रिका त्याच पानावर पाहिजे होती. फाईल दुसऱ्या कम्प्युटरवर नेऊनही उपयोग नव्हता. तिचे मराठी फॉन्ट जुने होते, दुसरीकडे उघडलं की अक्षरांचा नुसता काला होतो.

"वर्षाला फोन केलाय मी," मी म्हणालो. "ती येईपर्यंत थांब."

"एक वाजेपर्यंत थांबतो. मग मी तुमचं ऐकणार नाही."

वर्षा तायडे म्हणजे कम्प्युटर दुरुस्त करणारी. मार्केटमध्ये तिचं छोटं दुकान होतं. वय तीसच्या आसपास, बोलणं फटकळ. साडेअकराला तिची स्कूटी दारात लागली. आत आली, चप्पल काढली, खुर्चीकडे बघितलं. मी उठलो तरी ती लगेच बसली नाही. मग पदरासारखी ओढणी कमरेला खोचली आणि बसली.

"मॅडमना तीनदा सांगितलं होतं, रॅम वाढवा. तर म्हणायच्या, मला पुरते." तिने माउस हलवला. "काका, किती वेळा उघडायचा प्रयत्न केला?"

"चार."

"पाचव्यांदा करू नका. ते बिचारं दमलंय."

प्रल्हाद म्हणाला, "ताई, दमलंय की मेलंय ते सांगा, म्हणजे मी माझ्या रस्त्याने जातो."

"मेलेलं मशीन मेसेज देत नाही, दादा."

तिने फाईलवर बोट ठेवल्यासारखं करून आकडा बघितला. "एका पत्रिकेची फाईल दोन एमबी होते. फार तर तीन. ही एकशे नव्वद एमबी आहे! एवढं काय भरलंय मॅडमनी हिच्यात?"

"मला काय माहीत. एकच पान आहे."

"एका पानाचं एवढं वजन?" ती मान हलवत एकामागे एक खिडक्या उघडत गेली. "बघा काका, रॅम म्हणजे कम्प्युटरची हातातली जागा. ती भरली की तो थोडं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो. लागलं की परत आणतो. डिस्कवरच्या त्या जागेला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात."

मी रेल्वेत सिग्नल मेंटेनर होतो, एकतीस वर्षं. मी म्हणालो, "म्हणजे प्लॅटफॉर्म भरले की गाडी आउटरला उभी करतात, तसं."

"अगदी तसंच. आणि तुमचा आउटरही भरलाय. सी ड्राइव्हवर ऐंशी एमबीही शिल्लक नाही. गाडी उभी करायची कुठे?"

"दुसरी लाईन नाही का?"

"आहे ना. डी ड्राइव्हवर चार जीबी रिकामे पडलेत. मॅडमनी तिकडे हातच लावला नाही." तिने एका चौकटीत आकडे टाकले, सी वरची जागा कमी केली, डी वर दीड हजारापर्यंत वाढवून दिली. "आता बंद करून चालू करावं लागेल."

"बंद?"

तिने माझ्याकडे बघितलं. आदल्या रात्रीपासून कुंदाने तो चालू ठेवला होता, म्हणजे ती गेली त्याच्या आदल्या रात्रीपासून. सकाळी उठून काम करणार होती. गेल्या पाच दिवसांत घरात इतकी माणसं आली-गेली, पण त्या सकाळपर्यंत कोणी त्याला हात लावला नव्हता. लाईट जायची तेव्हा यूपीएस ओरडायचा आणि मी स्वयंपाकघरातून येऊन इन्व्हर्टरची वायर लावायचो. का, ते मला कोणी विचारलं नव्हतं.

"काका, बंद केल्याशिवाय नवीन जागा त्याला दिसणार नाही," वर्षा हळू म्हणाली. "तुम्ही करता की मी करू?"

"तू कर."

पडदा काळा झाला. पंखा थांबला तेव्हा कळलं, खोलीत इतके दिवस किती आवाज होता. मग पुन्हा चालू झाला. फाईल उघडायला तेरा मिनिटं लागली. आम्ही तिघंही पडद्यापुढे उभे होतो. पिवळी चौकट आली नाही. आधी काळी कडा आली, मग दिवा, मग कुणाचा तरी फोटो, मग अक्षरं.

"आली!" प्रल्हादच ओरडला.

वर्षाने कुंदाचा फोटो स्कॅन करून जुन्या फोटोच्या जागी बसवला. मतदार ओळखपत्रासाठी काढलेला होता, आमच्याकडे तेवढाच एकटीचा होता. इतक्यात तिच्या दुकानातून फोन आला. "काका, नाव-तारीख तुम्ही टाईप करा, मी आलेच," म्हणत ती दाराबाहेरच्या ओट्यावर गेली.

कीबोर्डवर कुंदाने कागदाचे बारीक तुकडे चिकटवले होते आणि त्यांच्यावर मराठी अक्षरं तिने हाताने लिहिली होती. सुरुवातीला शिकताना चिकटवलेले, नंतर तिला लागतही नव्हते. त्या दिवशी मला लागले. मी आधीच्या नावाच्या शेवटी क्लिक केलं आणि एकेक अक्षर मागून खोडत गेलो. मग शोधून शोधून एकेक अक्षर टाकलं. कै. सौ. कुंदा दिगंबर फालक. नाव, तारीख, वार. पंचवीस मिनिटं गेली. संपल्यावर ती करायची तसं कंट्रोल आणि एस दाबलं. दर दोन मिनिटांनी दाबायची ती. स्वयंपाकघरातून मला तो आवाज ओळखू यायचा.

वर्षा आत आली. "वा काका. एकही चूक नाही." मग तिने कडा तपासायला पान लहान केलं. आणखी लहान केलं. आणि तिचा हात थांबला.

पान पडद्याच्या मधोमध, पत्त्याएवढं झालं होतं. त्याच्या चारी बाजूंनी, पानाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत, ओळीने चौकोन लावलेले होते. प्रत्येकात एक फोटो, खाली नाव, तारीख आणि गाव. डावीकडे दहा ओळी, उजवीकडे दहा. वरखालीही तशाच. शिस्तीत, शाळेच्या वर्गाच्या फोटोसारख्या.

"हे काय आहे?" प्रल्हाद म्हणाला.

वर्षाने एका जागी मोठं करून बघितलं. कै. एकनाथ सोनू बऱ्हाटे, साकेगाव. शेजारी कै. सौ. इच्छाबाई. मग एक सहा-सात वर्षांचा मुलगा, टोपी घातलेला.

"पत्रिका आहेत. आधी केलेल्या सगळ्या," ती म्हणाली. "नवीन आली की मॅडम जुनी पुसत नव्हत्या. उचलून पानाबाहेर ठेवत होत्या. बाहेरचं छापलं जात नाही, फाईलमध्ये मात्र राहतं. म्हणून एकशे नव्वद एमबी." ती मोजायला लागली आणि तीनशेच्या पुढे थांबली. "हे एवढं काढून टाकलं असतं तर फाईल दोन मिनिटांत उघडली असती. व्हर्च्युअल मेमरीला हात लावायचीही गरज नव्हती."

मग ती शेवटच्या ओळीच्या टोकाशी गेली. तिथे एक चौकोन रिकामा होता, पानावरच्या नावासाठी आखून ठेवलेला.

"काका, पानावर आधी कोण होतं?"

"कोणी बाई होती."

"नाव?"

मी आठवायला गेलो. आठवलं नाही. मी ते नाव मागून पुढे, एकेक अक्षर खोडलं होतं. वाचलंच नव्हतं.

"परत आणता येतं का?"

तिने कंट्रोल झेड दाबलं. दोन पायऱ्या मागे गेली आणि पडदा गोठला. पिवळी चौकट पुन्हा आली, त्यापाठोपाठ प्रोग्रॅमच बंद पडला. तेरा मिनिटं पुन्हा वाट बघून उघडला तर पानावर कुंदाच होती. मी सेव्ह केलं होतं ना.

"बॅकअप?" मी विचारलं. रेल्वेमुळे हा शब्द मला माहीत होता.

वर्षा खाली बघत म्हणाली, "तो मीच बंद केला होता, मागच्या दिवाळीत. जागा वाचावी म्हणून."

"अहो, एक वाजून गेला," प्रल्हाद म्हणाला. "ज्यांची होती त्यांच्या पत्रिका वाटूनही झाल्या असतील. दाजी, आपलं बघा आता. काढा छापून."

वर्षाने ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढली. प्रेसमध्ये द्यायच्या आधी प्रल्हादने ती मोठ्याने वाचली. नावाशी थांबला नाही. पण शेवटच्या ओळीला थांबला.

"ठिकाण, सुतार गल्ली, वरखेडे? दाजी, आपलं घर वरखेड्याला कधी गेलं?"

ती ओळ खाली बारीक अक्षरात होती. बदलायची राहिली होती. पत्रिका करणाऱ्यांकडून होणारी सगळ्यात जुनी चूक. कुंदाच्या हातून अकरा वर्षांत एकदाही झाली नव्हती. वर्षाने ती दुरुस्त केली आणि दुसरी प्रिंट प्रल्हाद घेऊन पळाला. दोनला पाच मिनिटं होती. मी पहिली प्रिंट घडी करून ठेवली.

गंधमुक्ती व्यवस्थित पार पडली. तोवर मी कुणाकडे जाऊ शकत नव्हतो, सुतक होतं. फोनवर प्रेसवाल्याला वरखेड्याच्या पत्रिकेवरचं नाव विचारलं. तो म्हणाला, "फालकसाहेब, महिन्याला चाळीस पत्रिका येतात. छपाईची प्लेटही पुसून पुन्हा वापरतो आम्ही. कसं सांगू?"

पंधराव्या दिवशी सकाळच्या एसटीने मी वरखेड्याला गेलो. सुतार गल्ली म्हणजे चार घरं. तिसऱ्या घरापुढे एक म्हातारा दाराच्या फळीला रंधा मारत बसला होता. धोतर, अंगात बंडी. मी रामराम केला.

"बसा," तो म्हणाला. "दरवाजा पाहिजे का खिडकी?"

"काही करून नको. विचारायला आलो. या गल्लीत महिन्याभरात कोणी बाई वारली का?"

त्याने रंधा बाजूला ठेवला. "वारली. आमचीच. कुठले तुम्ही?"

"भुसावळचा. पत्रिका जिथे केली ना तुम्ही..."

"हां, त्या बाईंकडे. मी स्वतः गेलो होतो पोराबरोबर. फार चांगली बाई. मला चहा दिला, वरून म्हणे बाबा, जेवले का? तुम्ही त्यांचे मालक?"

"हो."

"बरी आहे बाई?"

मी सांगितलं. त्याने कानाजवळ हात नेला, जणू ऐकू आलं नव्हतं. मग हात खाली घेतला. आतून त्याची सून पाणी घेऊन आली. मी पिऊन भांडं परत दिलं.

"मग आता तुम्ही कसे आले एवढ्या लांब?"

मी त्याला जसं झालं तसं सांगितलं. की कुंदा प्रत्येकाचं नाव ठेवून द्यायची, कम्प्युटरमध्ये, फोटोसकट. की मी तिचं नाव लिहायच्या नादात त्यांच्या घरातलं नाव खोडून टाकलं. "एखादी पत्रिका उरली असेल तर द्या. मी परत घालतो, आज संध्याकाळी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, गंधमुक्तीची पत्रिका कोणी घरात ठेवतं का? वाचायची आणि फाडून टाकायची. आम्ही वाटून उरलेल्याही फाडल्या. तुम्ही नाही फाडल्या?"

फाडल्या होत्या. प्रल्हादने माझ्यादेखत फाडल्या होत्या, मीच त्याला म्हणालो होतो. लहानपणापासून तेच बघत आलो. पोस्टमन पत्रिका द्यायचा, आई ओट्यावरच उभ्याने वाचायची आणि तिथेच चार तुकडे करायची. घराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही. कुंदाने केलेल्या त्या तीनशे-सव्वातीनशे पत्रिका, प्रत्येकीच्या पाचशे प्रती, घरोघरी त्याच दिवशी फाटल्या असतील. करताना तिला ते माहीत असायचं.

मी खिशातून कागद आणि पेन काढलं.

"फोटो देतो," म्हातारा म्हणाला आणि आत हाक मारली. "नाव तेवढं पोरगा आला की सांगेल. संध्याकाळी येतो तो."

"तुम्हीच सांगा ना."

तो हसला. दाताची फट दिसली. "मी? मी तिला नावाने कधी हाक मारली, भाऊ? पन्नास वर्षं नुसतं 'ऐकलं का'. पत्रिकेचं नावही त्या दिवशी पोरानेच सांगितलं, मी बाजूला बसलो होतो." रंध्याच्या पात्यात अडकलेली ढलपी त्याने काढली, बोटाला गुंडाळली, सोडली. सून दारात फोटो घेऊन उभी होती, ती आत सरकली. "लिहा," तो म्हणाला. "वेणू." मग घसा साफ करून म्हणाला, "वेणूबाई तुळशीराम मिस्तरी. व ला मात्रा, ण ला पहिला की दुसरा उकार ते मला नाही कळत."

"दुसरा."

"माहेरचं मथुरा होतं. लग्नात वेणू ठेवलं. ते लिहायचं का?"

"लिहितो की."

मी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, "आणि तुमचीचं?"

इथे लिहिताना मी सारखं कुंदा, कुंदा लिहितोय. पण छत्तीस वर्षांच्या संसारात मीही तिला नावाने हाक मारली नव्हती. नातेवाइकांपुढे 'घरात', एकट्यात 'अगं'. पत्रिकेवर टाईप केलं ते बोटांनी. तोंडाने नाही.

"कुंदा," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.